आमची वाटचाल : रॉडवरची अक्षरं आणि त्यांवरचा थर

आमचं काम सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर मासे पकडायच्या रॉडच्या दुरुस्तीपासून सुरू झालं. तुटलेली टिप बदलायची, गंजलेले गाइड, म्हणजे लाइन (गळाची दोरी) ओवायच्या कड्या, काढून नवे बसवायचे, सैल झालेली रील सीट, म्हणजे रील बसवायची जागा, पुन्हा चिकटवायची. पुढे जिताडा आणि तांबोशी या माशांच्या मागे फिरणारे हौशी गळकरी स्वतःच्या उंचीला, हाताला आणि लुअरच्या (नकली आमिषाच्या) वजनाला जमेल असा रॉड मागू लागले, आणि आम्ही कोऱ्या ब्लँकपासून, म्हणजे रॉडच्या नुसत्या काठीपासून, पूर्ण रॉड बांधायला लागलो. अशा रॉडवर कारखान्याचा छापील मजकूर नसतो. लांबी, लाइनची ताकद, लुअरचं वजन, बांधल्याचं वर्ष आणि मालकाचं नाव हे सगळं बांधणाऱ्यालाच लिहावं लागतं. ते आम्ही हातानं लिहितो, बहुतेक वेळा देवनागरीत. आज आमच्याकडे येणारी निम्मी विचारपूस या अक्षरांबद्दल असते, पण खरं काम अक्षरांवरच्या थराचं आहे.

रॉडवर हातानं लिहायची पद्धत जुनी आहे. इंग्लंडमधल्या ॲनिक गावात १८७२ साली सुरू झालेली हार्डी कंपनी आपल्या बांबूच्या रॉडवर मॉडेलचं नाव आणि क्रमांक शाईनं लिहून वर व्हार्निश देत असे. त्या धंद्यात आधी आपल्याकडून जाणारा ‘कलकत्ता केन’ बांबू चालायचा, नंतर दक्षिण चीनच्या टोंकिन बांबूनं त्याची जागा घेतली. चिरफळ्या जोडून केलेल्या त्या रॉडला सहा पैलू असतात, त्यामुळे निबला सपाट जागा मिळते आणि बांबू शाई थोडी धरूनही ठेवतो. कार्बनचा ब्लँक गोल, निमुळता आणि गुळगुळीत. त्यावर शाई धरत नाही, सरकते.

शिवाय न घासलेल्या कार्बन ब्लँकवर बारीक वळ्या असतात. भट्टीत तापवताना कार्बनच्या कापडावर सेलोफेनची पट्टी घट्ट गुंडाळतात, तिच्या त्या खुणा. निब प्रत्येक वळीवर उडी मारतो आणि शिरोरेखा दातेरी होते. म्हणून सुरुवातीला थेट ब्लँकवर लिहायची जी रीत होती, ती आम्ही सोडली. आता आधी इपॉक्सीचा, म्हणजे दोन द्रव मिसळून कडक होणाऱ्या पारदर्शक लेपाचा, एक पातळ थर द्यायचा, तो चोवीस तास वाळू द्यायचा आणि त्यावर लिहायचं. या थराचा मोठा फायदा असा की चुकलेलं अक्षर ओल्या कापसाच्या काडीनं पुसता येतं, वाळलं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं. ब्लँकचा मूळ रंग धोक्यात येत नाही.

चकचकीत इपॉक्सीवर शाईचे थेंब होतात. याचं कारण बहुतेक वेळा हाताचं तेल असतं. अल्कोहोलनं पुसायचं, त्यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही. तरीही शाई गोळा होत असेल तर दोन हजार नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरनं हलक्या हातानं चमक घालवायची. ओरखडे दिसतील, पण वरचा थर बसला की ते नाहीसे होतात.

देवनागरीला जागा जास्त लागते, हे इंग्रजी अक्षरांचे नमुने पाहून काम शिकलेल्याला पटकन लक्षात येत नाही. शिरोरेखेच्या वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. हँडलच्या पुढे स्पिनिंग रॉडचा व्यास साधारण १२ मिलिमीटर असतो, म्हणजे परीघ ३८ च्या आसपास. एका नजरेत नीट वाचता येतो तो त्याचा चौथा हिस्सा, सुमारे ९ मिलिमीटर. मात्रा-उकार धरून अक्षर ७ मिलिमीटरच्या आत ठेवतो, मधला गाभा ३ ते ४. शिरोरेखा सरळ यावी म्हणून मास्किंग टेप लावतो, पण रेघेपासून एक मिलिमीटर दूर. टेपच्या कडेला निब टेकला तर शाई खाली शिरते. निब बारीक आणि लवचिक हवा. शाईत बुडवून लिहायचं झालं तर ‘ळ’, ‘ह’, ‘क्ष’ यांच्या वळणांत शाई साचते, तिथं वरून साय धरते आणि आत ओल राहते. पुढे बिघडतं ते नेमकं तिथंच.

स्पिनिंग रॉडला रील आणि गाइड खाली असतात, म्हणून मजकूर वरच्या बाजूला, हँडलपासून ५ ते २५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात. तिथं रॉड सगळ्यात कमी वाकतो. त्याहून पुढे जाड थर दिला तर ब्लँकचं वजन वाढतं, वाकण्याच्या जागी थराला तडेही जातात.

शाईच्या बाबतीत आमचं मत पक्कं आहे: रंगद्रव्याची, पाण्यानं न निघणारी शाई. काळ्या शाईतलं काजळ म्हणजे कार्बन, तो उन्हात उडत नाही. पांढऱ्यासाठी ॲक्रिलिक शाई. डब्यांवर, सीडीवर लिहायचे परमनंट मार्कर अजिबात नकोत. त्यांतला रंग अल्कोहोलमध्ये विरघळलेला असतो आणि वरून सीलर (शाई झाकणारा थर) आला की तो पसरतो, काळ्या अक्षराभोवती जांभळी झाक दिसते. चंदेरी आणि सोनेरी शाईत ॲल्युमिनियम किंवा पितळेचे कण असतात, ब्रश दोनदा फिरला की ते अक्षर सोडून तरंगू लागतात. ऑइल पेंटचे मार्कर चालतात, पण त्यांना दोन-तीन दिवस वाळायला द्यावे लागतात.

शाई वाळली का हे बोटानं कळत नाही. आम्ही कापसाची काडी कलर प्रिझर्व्हरमध्ये बुडवून एखाद्या जाड वळणावर हलकी टेकवतो. कापूस रंगला तर आणखी एक दिवस थांबायचं. कलर प्रिझर्व्हर म्हणजे पाण्यातलं ॲक्रिलिक सीलर, गाइड ब्लँकवर बांधायच्या दोऱ्याचा रंग बदलू नये म्हणून लावतात तेच. मऊ ब्रशनं मजकुरावरून एकाच दिशेला एकच हात फिरवायचा, मागे यायचं नाही. तो पारदर्शक झाला की दुसरा हात. हा थर शाई आणि इपॉक्सी यांना एकमेकांपासून लांब ठेवतो. काही बांधणारे इथं लाख वापरतात. मेण काढलेली लाख असेल तर हरकत नाही, मेणावर इपॉक्सी नीट धरत नाही. पण लाख अल्कोहोलमध्ये विरघळवलेली असते, त्यामुळे अल्कोहोलला न जुमानणारी शाई असेल तरच ती वापरावी.

मग शेवटचं इपॉक्सी. त्याचे दोन भाग: रेझिन ३ मिलिलिटर, ते कडक करणारं हार्डनर ३ मिलिलिटर, दोन वेगळ्या सिरिंज, एकमेकींत कधीच अदलाबदल नाही. मजकुराला अर्धा मिलिलिटर पुरतो, तरी याहून कमी मिसळत नाही. ३ मिलिलिटरमध्ये ०.१ ची चूक झाली तर फरक तीन टक्क्यांच्या आसपास, १ मिलिलिटरमध्ये तीच चूक दहा टक्के, आणि थर कायमचा चिकट राहतो. रबरी दट्ट्याच्या सिरिंजला आतून सिलिकॉनचं तेल लावलेलं असतं, त्यानं थरात गोल खड्डे पडतात. आम्ही पूर्ण प्लास्टिकची, बिनरबराची सिरिंज वापरतो. तीन-चार मिनिटं सावकाश ढवळायचं आणि लगेच ॲल्युमिनियम फॉइलवर ओतायचं. पसरलेल्या थरातून बुडबुडे सुटतात आणि वापरायला वेळ जास्त मिळतो, कारण वाटीत राहिलेलं इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेनं लवकर घट्ट होतं. पातळ करायला ॲसिटोन किंवा अल्कोहोल घालायचं नाही. शाईशी पहिली गाठ त्याचीच पडते.

थर अक्षरांच्या दोन्ही टोकांना ६ ते १० मिलिमीटर पुढे नेतो आणि शक्यतो दोऱ्याच्या बारीक पट्टीत संपवतो, कारण नुसती कड उघडी राहिली की ती उचलली जाते. इपॉक्सी लावून झालं की रॉड थांबवायचा, जादाचं खाली लोंबतं, ते ब्रशनं काढून घ्यायचं. मग मिनिटाला ६ ते १० फेऱ्यांच्या मोटरवर, ब्लँक अगदी आडवा ठेवून, निदान पाच-सहा तास. बुडबुडे उरले तर स्पिरिटच्या दिव्याची ज्योत खालून क्षणभर फिरवायची, एका जागी धरायची नाही.

कोकणात या सगळ्याला पावसाळा आडवा येतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी, समुद्रही खवळलेला, म्हणून लोक रॉड याच काळात बांधायला देतात आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास हातात मागतात. म्हणजे सगळ्यात जास्त काम सगळ्यात दमट महिन्यांत. इपॉक्सी वाळताना हवेतली ओल हार्डनरशी मिसळली की वर तेलकट, धुरकट साय येते आणि काळी अक्षरं राखाडी दिसतात. ही साय पाण्यात विरघळते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि घासणी यांनी ती निघते. नुसतं अल्कोहोल चोळलं तर अर्धी राहते आणि पुढचा थर सुटतो. धुवून, कोरडं करून, हलकं घासून पुन्हा थर दिला की अक्षरं परत काळी दिसतात. मुळात ती येऊच नये म्हणून वाळवणीची खोली बंद केली, डीह्युमिडिफायर बसवला आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असेल तर इपॉक्सी मिसळतच नाही. या धंद्यात आम्ही केलेला सगळ्यात उपयोगी खर्च हाच. उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा: तापमान १० अंशांनी वाढलं की हातात मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये मजकुराचं काम सकाळी लवकर.

नाव लिहिण्याआधी गिऱ्हाइकाकडून ते त्याच्याच अक्षरात कागदावर घेतो. ऱ्हस्व-दीर्घ, आडनावातला रफार, इंग्रजी की मराठी आकडे, सगळं त्या कागदावर ठरतं. थर बसल्यानंतर दुरुस्ती म्हणजे पूर्ण पट्टा घासून पुन्हा पहिल्यापासून.

वापरणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. खाऱ्या पाण्यानंतर गोड्या पाण्यानं धुवून मऊ कापडानं पुसा, पेट्रोल किंवा थिनर लावू नका. डासांच्या मलमात डीट (डास पळवणारं रसायन) असेल तर ते लावलेल्या हातानं मजकूर धरू नका, डीट रंग आणि व्हार्निश मऊ करतं. इपॉक्सी उन्हात हळूहळू पिवळं पडतं, त्यामुळे पांढरी अक्षरं काही वर्षांनी सायीच्या रंगाकडे जातात. हे आम्ही ऑर्डर घेतानाच सांगतो.

रॉड दुसऱ्या दिवशी हाताळता येतो, पण थर पूर्ण कडक व्हायला आठवडा जातो, आणि त्याआधी आम्ही तो पाठवत नाही. मजकुरावर आधी साधा मऊ कागद, मग पीव्हीसी पाइप. बबलरॅप थेट कधीच नाही, कच्च्या इपॉक्सीवर त्याच्या गोल खुणा उमटतात आणि त्या निघत नाहीत. नारळी पौर्णिमेला हवा असलेला रॉड म्हणूनच जून संपायच्या आत आमच्याकडे यावा लागतो.