सीईटी बरी होती का? तुम्ही विचारलंत म्हणून

"सर, खरं सांगा, जुनी सीईटी बरी होती की ही नीट?"

मेडिकलच्या प्रवेशाला आपल्या राज्याची सीईटी बरी की देशभराची एकच नीट, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, एसटीत, पालकसभेत, कुठेही गाठतो. 2024च्या जूनमध्ये तर रोज फोन. नीटच्या पेपरफुटीच्या चौकशीत लातूरचं नाव आलं होतं आणि मी लातुरात अकरावी-बारावीला बायो शिकवतो. म्हणजे याला आतलं माहीत असणारच, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. मला आतलं काडीचं माहीत नव्हतं. 67 पोरांना 720 पैकी 720 पडले, हे मीही टीव्हीवरच पाहिलं.

एरवी हसून विषय बदलतो. आज एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा विचारू नका.

नीट ही दिल्लीने 2016 साली अचानक आपल्या डोक्यावर ठेवलेली धोंड आहे, असं म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. 1984 साली प्रदीप जैन खटल्यात सुप्रीम कोर्टाने बजावलं की मेडिकलच्या सगळ्या जागा आपल्याच राज्यातल्या पोरांना वाटून टाकता येणार नाहीत. आधी 30 टक्के मोकळ्या ठेवा म्हणाले, मग 15 वर उतरले. त्या 15 टक्क्यांसाठी 1988 पासून देशभर परीक्षा सुरू झाली, तीच आपली एआयपीएमटी. आमच्याकडे वर्गातली पाच-सात हुशार पोरं तिचा फॉर्म भरायची. बाकीच्यांना सीईटी बास. तसं आम्हीच सांगायचो.

5 मे 2013 ला पहिली नीट झाली तेव्हा मी खूश होतो, हेही कबूल करतो. स्टाफरूममध्ये भाषण ठोकलं होतं. एक देश, एक पेपर, खासगी कॉलेजांच्या वेगवेगळ्या परीक्षा आणि त्यामागची दुकानदारी बंद! अडीच महिन्यांत, 18 जुलैला, सुप्रीम कोर्टाने दोन विरुद्ध एकने नीटच मोडीत काढली. सरन्यायाधीश अल्तमास कबीर त्याच दिवशी निवृत्त झाले. वेगळं मत देणारे एकटे न्यायमूर्ती अनिल दवे. पुढे 11 एप्रिल 2016 ला तो निकाल मागे घेणाऱ्या पाच जणांच्या पीठाचे प्रमुख कोण, तर दवेच. आम्ही बातमी वाचली आणि म्हणालो, होईल वर्ष-दोन वर्षांत काहीतरी.

सतरा दिवसांत झालं.

28 एप्रिल 2016, गुरुवार. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. माझी एक विद्यार्थिनी औशाकडच्या खेड्यातली, चौघी मिळून एका खोलीत राहायच्या आणि पाण्याच्या रांगेतही पाठांतर चालायचं. सीईटी 5 मे ला. दोनशे मार्कांचा पेपर, त्यात बायोचे शंभर. अभ्यासक्रम फक्त बारावीचा आणि चुकलं तर मार्क कापत नाहीत. तिची तयारी अशी होती की मी डोळे झाकून सांगितलं असतं, सरकारी कॉलेज नक्की. एआयपीएमटीचा फॉर्म तिने भरला नव्हता. "भरू का?" असं तिने हिवाळ्यात विचारलं होतं. मी म्हणालो होतो, कशाला फी वाया घालवतेस.

त्या संध्याकाळी बातमी आली, सुप्रीम कोर्टाने याच वर्षापासून नीट लावली. 1 मे ची एआयपीएमटी हीच नीटचा पहिला टप्पा, दुसरा 24 जुलैला, आणि राज्यांच्या परीक्षांचं काय ते कुणालाच कळेना. रात्री आठच्या सुमाराला ती वडिलांना घेऊन आली. तिचे वडील खुर्चीत बसायला तयार नाहीत, दारातच उभे. "सर, लेकरानं आता काय वाचावं तेवढं सांगा."

मी तिला विचारलं, "अकरावीचं पुस्तक कुठंय?"

"मामाच्या मुलीला दिलं, सर."

मी चौकातल्या झेरॉक्सवाल्याला दुकान उघडं ठेवायला लावलं आणि माझ्याकडची एनसीईआरटी काढून आणली. स्पायरल बाइंडिंग करून घेतलं. चाळिसेक पानांनंतर शाई फिकी पडत गेली होती, प्राणिसृष्टीच्या धड्यातले आकृत्यांचे बाण तर दिसतच नव्हते. ते तिच्या हातात देऊन मी जे बोललो ते शब्दाला शब्द आठवतं. "सीईटी आता रद्दीत गेली असं समज. द्यायची म्हणून दे, पण डोकं नीटला लाव. तिथे बरोबरला चार आणि चुकलं की एक वजा. येत नसेल तर सोडायचं. सोडायला शीक."

पुढचे सहा दिवस मी तिला रोज पंचेचाळीस प्रश्नांचा पेपर दिला. अंदाजाने गोल भरला की रागवायचो.

5 तारखेला पेपर देऊन ती थेट माझ्याकडे आली. उन्हाने तोंड लाल झालेलं.

"बायोचे नऊ सोडले सर."

"सीईटीत?"

"येत नव्हते म्हणून. तुम्ही म्हणालात तसं."

सीईटीत गोल रिकामा ठेवणं म्हणजे वेडेपणा. मार्क कापतच नाहीत. हे मीच त्या पोरांना वर्षभर सांगत होतो. तरी मी म्हणालो, "जाऊ दे, हा पेपर धरणारच नाहीत." 9 मे ला राज्यांना वेगळी परीक्षा नाही असं कोर्टाने सांगितलं, तेव्हा तर मला हायसं वाटलं. बघा, मी म्हणत होतो ना.

24 मे ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी अध्यादेशावर सही केली. त्या वर्षापुरत्या राज्याच्या सरकारी जागा सीईटीवरच भरायच्या. महाराष्ट्रभर पेढे वाटले. शेवटच्या फेरीत तिच्या प्रवर्गाची एमबीबीएसची यादी जिथे थांबली, तिथून ती दोन मार्कांनी मागे होती.

आता मला सांगा, त्या आठवड्यात अख्खं लातूर काय सांगत होतं? हेच ना? मंत्र्यांना माहीत नव्हतं, वकिलांना माहीत नव्हतं, मी तर साधा मास्तर. पण पेपर 5 तारखेला आहे, हे तर मला माहीत होतं. सहा दिवस थांबायला काय झालं होतं?

म्हणून नीट की सीईटी म्हटलं की माझी गाडी अडते. नीटमुळे एका फॉर्मवर देशातलं कुठलंही कॉलेज मिळू शकतं, 2020 पासून एम्स आणि जिपमरसुद्धा. हे मी 2013 मध्ये म्हणत होतो, आजही म्हणतो. 2020 मध्येच आपल्याकडची 70-30 ची प्रादेशिक विभागणी गेली, म्हणजे 70 टक्के जागा त्या-त्या भागातल्या पोरांना आणि 30 टक्के बाकी राज्याला. मराठवाड्यातल्या पोरांना कमी जागांवर कुस्ती खेळावी लागायची, ते संपलं, आणि माझ्या वर्गाने त्याचा फायदा बघितलाय. 2017 पासून पेपर मराठीतही मिळतो. पण भाषांतरात घोळ झाला तर इंग्रजी पेपर खरा धरतात, मग मी कुठल्या तोंडाने सांगू की मराठी घे? आणि रिपीटर! पूर्वी वर्गात एखादा असायचा. आता दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा देणाऱ्यांच्या स्वतंत्र बॅचेस आहेत, त्यांच्या फीसाठी शेतं विकली जातात, आणि ती फी ज्या धंद्यात जाते त्यातच माझाही पगार आहे. स्टाफरूममध्ये भाषण ठोकणाऱ्या त्या माणसाला हे दिसत नव्हतं. मला दिसतं, तरी मी सकाळी सातला बॅच घेतोच.

त्या विद्यार्थिनीने आयुर्वेदाचं बीएएमएस केलं. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात भेटली, वाकून पाया पडली, नवऱ्याला म्हणाली, "हे आमचे बायोचे सर." मग आम्ही शेजारी जेवायला बसलो. बाजूच्या कुणीतरी नेहमीचा प्रश्न काढला, सीईटी की नीट. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "आमच्या वर्षी तर कोर्टानेच घोळ घातला. नाही का हो सर?"

वाढपी बुंदी घेऊन समोर उभा होता. मी पत्रावळीवर हात आडवा धरला आणि म्हणालो, "हो ना. कोर्टानेच."