डालेक एम्पायर: पहिली सिरीज ऐकून झाली

डॉक्टर हू या ब्रिटिश सायन्स फिक्शन टीव्ही मालिकेच्या ऑडिओ स्पिन-ऑफपैकी डालेक एम्पायरची पहिली सिरीज संपवली एकदाची. डालेक म्हणजे त्या मालिकेतले क्रूर परग्रहवासी शत्रू. बिग फिनिश या ऑडिओ नाटकं काढणाऱ्या कंपनीने २००१ पासून काढलेले चार भाग, लेखन-दिग्दर्शन निकोलस ब्रिग्जचं आणि डालेकना आवाजही त्याने दिलाय. यात मालिकेचा नायक डॉक्टर नाही, आणि माझ्या मते सगळी ताकद त्यातच आहे, कारण एरवी परिस्थिती कितीही बिकट झाली तरी त्याचं कालयान टार्डिस येणार हे आपल्याला आतून माहीत असतं, इथे कोणीच येणार नाहीये, जे करायचं ते अडकलेल्या माणसांनीच.

सुझन मेंडिस जिऑलॉजिस्ट आहे, वेगा सिक्सवर. डालेक ग्रह घेतात, लोकांना गुलाम करून मरेपर्यंत राबवायला लागतात. ही त्यांना सांगते की माणसांना खायला द्या, विश्रांती द्या, काम जास्त होईल. आणि डालेक चक्क ऐकतात! मग तिलाच पुढे करून बाकीच्या गुलामांना समजवायला लावतात, लोक तिला एंजल ऑफ मर्सी म्हणायला लागतात. आता तिने जीव वाचवले की शत्रूचं काम सोपं करून दिलं? मी प्रत्येक भागात मत बदललं. सुझन झालेल्या सारा मोवॅटचं काम फार म्हणजे फारच सुंदर आहे, गुलामांसमोर बोलताना तिचा आवाज खंबीर असतो पण श्वास जड, हेडफोन लावून ऐकलंत तर तो श्वासच जास्त बोलतो.

सुझनचा साथीदार कॅलेनडॉर्फ म्हणजे गॅरेथ थॉमस, ब्लेक्स सेव्हन या जुन्या टीव्ही मालिकेतला ब्लेक. डालेकांच्या पाळतीत उघड काही बोलता येत नाही म्हणून तो आणि सुझन टेलिपथीने बोलतात, आणि ऑडिओमधे ही आयडिया जशी खुलते तशी पडद्यावर खुलली नसती कारण तोंडाने बोललेलं काय, मनातलं काय, आपल्यासाठी दोन्ही आवाजच. अल्बी या दुसऱ्या पात्राचा ट्रॅक मात्र मधेमधे रेंगाळतो.

साउंडबद्दल थोडं. डालेकचा आवाज रिंग मॉड्युलेटरमधून काढतात, साधारण ३० हर्ट्झच्या लहरीने आवाजाला गुणतात, त्यामुळे आवाजातली समजा २०० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी गायब होऊन १७० आणि २३० उरतात, म्हणून ती खरखर येते. पण नुसतं मशीन पुरत नाही हो, ब्रिग्ज शब्द तोडून तोडून बोलतो, एकेक अक्षर चढवत नेतो, आणि मुख्य म्हणजे शांतपणे वाटाघाटी करणारा डालेक त्याने जो उभा केलाय तो ओरडणाऱ्यापेक्षा कितीतरी भीतीदायक वाटतो. सुझनसोबतचे ते सीन मी मागे नेऊन परत ऐकले.

चौथा भाग, प्रोजेक्ट इन्फिनिटी, याबद्दल काही सांगत नाही, फक्त एवढंच की तो ऐकायच्या आधी दुसरी सिरीज हाताशी ठेवा कारण तिथे थांबणं अवघड आहे. मी ती दुसरी, डालेक वॉर, लगेच सुरू करतोय, त्यानंतर २००४ ची तिसरी, तिच्यात डेव्हिड टेनंट आहे, टीव्हीवर डॉक्टरची भूमिका करायच्या आधीचा. ज्यांनी तिन्ही ऐकल्यात त्यांनी सुझनबद्दल तुमचं मत काय झालं ते नक्की लिहा, पण स्पॉयलर नको प्लीज.