५८००एक्स, नोंद ७: रिकाम्या मशीनचे रीस्टार्ट

एएमडीच्या आठ कोअरच्या रायझन ५८००एक्स प्रोसेसरचं हे मशीन रात्री रिकामं असताना आपोआप रीस्टार्ट होत होतं. आज सकाळी अपटाइम (रीस्टार्ट न होता चाललेला वेळ) ६१ तास. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीयाची (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारी यंत्रणा) एकही ओळ नाही. अकरा रात्रींनंतर हे पहिल्यांदा दिसलं, म्हणून लगेच लिहायला बसलो.

मागच्या नोंदीतली सेटिंग्ज तीच होती: पीबीओ (एएमडीचं स्वयंचलित ओव्हरक्लॉकिंग) चालू, बूस्ट ओव्हरराइड (कमाल घड्याळावरची वाढ) +१५० मेगाहर्ट्झ, कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (प्रत्येक कोअरचा व्होल्टेजचा कर्व्ह पायऱ्यांनी खाली-वर करणारी सेटिंग) सगळे कोअर -२० ते -२५ च्या दरम्यान, मेमरी ३६००, एफक्लॉक (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचं घड्याळ) १८००. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या प्राइम९५ची स्मॉल एफएफटी चाचणी २४ तास चालली, मेमरी तपासणाऱ्या टेस्टमेम५चे २५ फेरे निर्धोक गेले. त्यावर मी 'स्टेबल' असं लिहून मोकळा झालो होतो. तो शब्द मागे घेतो. त्यानंतर मशीन काम करताना कधीच पडलं नाही, गेम खेळताना नाही, रेंडर करताना नाही. पडायचं ते रात्री, नुसतं डेस्कटॉपवर उभं असताना. सकाळी बघावं तर लॉगिनचा पडदा.

केर्नल-पॉवर ४१ ची नोंद सोडून द्या, मशीन नीट बंद झालं नाही एवढंच ती सांगते. खरी माहिती व्हीया लॉगरच्या १८ क्रमांकाच्या नोंदीत होती: कॅशे हायरार्की एरर, एपीआयसी आयडी (प्रोसेसरच्या थ्रेडचा क्रमांक) ६. ती मी पहिल्याच दिवशी पाहिली, पण मनात संशय मेमरीचा होता, कारण टीआरएफसी (मेमरी रिफ्रेशला लागणारा वेळ, घड्याळाच्या ठोक्यांत) नुकताच २८८ वर आणला होता (१८०० मेगाहर्ट्झला १६० नॅनोसेकंद). म्हणून आधी टीआरएफसी ढिला केला. मग मेमरी थेट २१३३ वर नेली. दुसऱ्याच रात्री रीस्टार्ट. मेमरी सुटली, तीन रात्री गेल्या.

मग बायॉसमधलं 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' (मशीन रिकामं असताना वीज किती खाली जाऊ द्यायची ते ठरवणारी सेटिंग) टिपिकलवर ठेवून पाहिलं. दोन रात्री शांत गेल्या आणि तिसऱ्या रात्री पुन्हा तेच. ही सेटिंग बरेच जण उपाय म्हणून सुचवतात. माझ्याकडे तिने दोष फक्त लांबवला, आणि दोष लांबवणारी सेटिंग मला उघड्या दोषापेक्षा जास्त त्रासदायक वाटते. ती पुन्हा ऑटोवर.

यानंतर कोअरकडे वळलो आणि इथे सगळ्यात जास्त वेळ गेला. प्रत्येक कोअरचे दोन थ्रेड, म्हणून आयडी ६ म्हणजे ६ भागिले २, कोअर ३. पण माझ्या वहीतला तक्ता ज्या प्रोग्रॅमवरून उतरवला होता, तो कोअर १ पासून मोजतो. बायॉस मोजतं शून्यापासून. तक्त्यावर विश्वास ठेवून मी बायॉसमध्ये कोअर २ -१० वर आणला. तीन रात्री वाट पाहिली आणि आयडी ६ पुन्हा आला. एका रात्री ७ आला, तेव्हा उलगडा झाला: ६ आणि ७ हे एकाच कोअरचे दोन थ्रेड, शून्यापासून मोजले तर तो कोअर ३. तक्ता फाडला. नव्या तक्त्यात बायॉसचाच क्रमांक आणि शेजारी दोन्ही एपीआयसी आयडी. तुमच्या वहीतही हे दोन रकाने आजच घाला.

कोअर ३ हा माझा सगळ्यात चांगला कोअर, सीपीपीसीच्या (विंडोजला कोअरचा दर्जा सांगणारी यंत्रणा) यादीत पहिला. चांगला म्हणूनच त्याला कारखान्यातूनच कमी व्होल्टेज मिळतं आणि हलका भार आधी त्याच्याकडे जातो. त्याच्याकडे ओढायला शिल्लक कमी, आणि मी त्याला -२२ दिलं होतं. प्राइम९५मध्ये आठही कोअर भरले की पीपीटीच्या (प्रोसेसरची वीजमर्यादा) १४२ वॅटमुळे घड्याळ ४५०० च्या आसपास उतरतं, तिथे -२२ आरामात चालतं. रिकाम्या मशीनमध्ये मात्र एखादी बारीकशी प्रक्रिया जागी होते, एकटा कोअर ३ झोपेतून उठून थेट ५००० कडे झेपावतो, आणि नेमकं तिथे व्होल्टेज अपुरं पडतं. २४ तासांच्या भाराने ही जागा कधी तपासलीच नव्हती.

यासाठी कोअरसायकलर हा चाचणीचा प्रोग्रॅम. एका वेळी एकच कोअर, प्राइम९५ एसएसई मोडमध्ये (या हलक्या सूचना; एव्हीएक्स२ जड, त्यात घड्याळ वर जातच नाही), आणि मध्येमध्ये भार थांबवण्याची सोय चालू. कोअर ३ चौथ्या मिनिटाला पडला: गणितातली राउंडिंगची चूक ०.५, अपेक्षा ०.४ पेक्षा कमी. अकरा रात्रींचा प्रश्न चार मिनिटांत पडद्यावर! -१५ ला पाऊण तास टिकला. -१२ ला स्मॉल पार झालं, ह्यूज एफएफटीत तिसऱ्या तासाला पडला. -८ ला रात्रभर टिकला. एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची धरली तर -२२ पासून हे ४२ ते ७० मिलिव्होल्टचं अंतर आहे. मोफत मिळणाऱ्या साधनांत इतकं नेमकं दुसरं मी वापरलेलं नाही. उलट बोर्डासोबत आलेलं ट्यूनिंग सॉफ्टवेअर काढून टाकलंय, विंडोज सुरू होताना ते बायॉसमधल्या किमतींवर स्वतःच्या किमती लिहीत होतं.

मेमरी परत ३६०० वर, टीआरएफसी २८८. स्टिकांवर एक ९२ मिमीचा पंखा झिप-टायने बांधला, ग्राफिक्स कार्ड तापलेलं असतानाही ४७ अंशांवरून ४१ वर आल्या. याचा आनंद ६१ तासांच्या खालोखाल आहे. ३८००/१९०० चा नाद सोडला, तिथे व्हीया १९ च्या (आपोआप दुरुस्त झालेल्या चुकांच्या) नोंदींचा पाऊस पडतो.

पुढचा बेत ओव्हरराइड +२०० करायचा होता. पण वरचे आकडे लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. ऑफसेट अख्खा कर्व्ह खाली ओढतो आणि मोडतो फक्त टोकाला. मग टोकच छाटलं तर? +१५० चं +१०० केलं तर जातील ५० मेगाहर्ट्झ, म्हणजे एक टक्का. बदल्यात कोअर ३ ला कदाचित -१४ परवडेल आणि मधल्या सगळ्या पट्ट्यात तापमान उतरेल, जिथे मशीन दिवसभर राहतं. +२०० रद्द.

मघाशी मध्येच उठून +१०० आणि -१४ लावलं. कोअर ३ ला एसएसई ह्यूजमध्ये दोन तास दहा मिनिटं झाली आहेत, घड्याळ ४९५० ला स्थिर, अजून त्रुटी नाही. तिसरा तास उलटला की बाकीचे सात कोअर लावतो, मग पुन्हा तीन रात्री रिकामं ठेवतो.