पडवीतला दिवा आणि आईची ड्रिलबंदी

कोकणात समुद्राकाठी असलेल्या आमच्या आंजर्ल्याच्या घरात ड्रिल मशीनला बंदी आहे. मशीन माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेलं असतं, चालूही आहे. पण स्लॅबला किंवा खांबाला ते लावायचं नाही, असा आईचा हुकूम आहे.

3 जून 2020 ला निसर्ग वादळाने आमची कौलं उचलून बागेत नेऊन टाकली. नंतर पडवीवर स्लॅब घातला, खांबही सिमेंटचे केले. जुन्या वाशाला कुठेही खिळा मारावा आणि कंदील टांगावा, ती सोय वाशांबरोबर गेली. मी हौसेने ट्यूबसाठी स्लॅबला दोन भोकं पाडली. एक नेमकं सळीवर गेलं. मशीन किंचाळलं, मी ते दोन बोटं बाजूला सरकवलं, गिट्टी (भोकात स्क्रू धरून ठेवणारी खुंटी) ठोकली आणि विसरलो. दुसऱ्या पावसाळ्यात गिट्टीभोवती चहाच्या डागासारखं वर्तुळ उमटलं. तिसऱ्यात बशीएवढा पोपडा आई तांदूळ निवडत होती त्या सुपात पडला. भोकातून खारी हवा सळीपर्यंत पोचली होती. सळी गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून देते.

सळी घासून डागडुजी केली, भोकं बुजवली. वायरमन काका म्हणाले, "गिट्टी नको म्हणतोस, मग दिवा काय आभाळाला टांगू?"

मी दिवा चिकटवायचं ठरवलं. चार फुटी एलईडी पट्टी, वजन जेमतेम 300 ग्रॅम. दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप आणली, मे महिन्यात पुसून-बिसून लावली. जूनच्या शेवटच्या आठवड्यात रात्री दोन वाजता धाडकन आवाज आला. पट्टी वायरला लोंबकळत होती. उचलून बघतो तर टेपवर पांढऱ्या डिस्टेंपरची सबंध साल. टेप काँक्रीटला चिकटलीच नव्हती. ती रंगाला चिकटली होती, आणि रंग धुळीला.

दुसऱ्या दिवशी सोललेल्या जागेवर बोट घासून जिभेला लावलं (आईने बघितलं, काही बोलली नाही). खारट. मिठाचा स्वभाव असा, की हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच पाणी ओढून विरघळतं. आमच्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या खाली येते कधी? म्हणजे भिंत कोरडी दिसली तरी तिच्या अंगावर खारट पाण्याचा पातळ थर असतोच.

मग दिवाळी होऊन गेल्यावर, सकाळी जमिनीवरून कोरडा वारा सुटतो त्या दिवसांत पुन्हा सुरुवात केली. रंग तारेच्या ब्रशने खरवडून राखाडी काँक्रीट उघडं केलं. विहिरीच्या गोड्या पाण्याने तीनदा धुतलं. चार दिवस वाळू दिलं, मग स्पिरिटने पुसलं. तरी पृष्ठभाग खरखरीतच, टेप नुसती उंचवट्यांना टेकली असती. म्हणून तेवढ्या जागेवर एपॉक्सीचा (वाळल्यावर दगडासारखा कडक होणाऱ्या चिकट लेपाचा) पातळ हात दिला आणि तो कडक झाल्यावर पॉलिश पेपरने हलका घासला. या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि लोक नेमकं हेच टाळतात.

टेप या वेळी जाड अॅक्रिलिक फोमची घेतली. ती बनवणाऱ्यांचा ठोकताळा आहे, की एक किलो वजनाला 55 चौरस सेंटिमीटर टेप. माझ्या दिव्याला 17 पुरली असती. मी अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी 30 बाय अडीच सेंटिमीटर, अशी 150 दिली. छताला वजन सतत खाली ओढतं, तिथे काटकसर कशाला? दिव्याच्या क्लिपा आधीच पट्ट्यांवर स्क्रूने बसवल्या, मग पट्ट्या चिकटवून फडकं गुंडाळलेल्या लाटण्याने दाबल्या. 72 तास दिवा चढवला नाही. आईला वाटलं मी विसरलो. दिवा चढवताना एमसीबी (वीज तोडणारा मुख्य खटका) बंद केला. शिवाय पट्टीला एक काळा नायलॉन टाय पंख्याच्या हुकापर्यंत नेऊन बांधला, म्हणजे टेप सुटली तरी वजन वायरवर येणार नाही.

पंखा मात्र टेपवर टांगायचा विचारसुद्धा करू नका. आमचा हूक स्लॅब घालतानाच सळईला बांधून सोडलेला आहे, म्हणून तो प्रश्नच आला नाही.

खरी कुस्ती प्लगच्या बोर्डाशी होती. दिवा नुसता लटकतो, पण सॉकेटमधून रोज कोणीतरी मिक्सरची पिन हिसकते. तिथे चिकटवणं म्हणजे आज ना उद्या उघडी वायर हातात येणं. उपाय वायरमन काकांनीच काढला. वादळातून वाचलेल्या वाशाची हातभर फळी कापली, खांबाला टेकवली आणि वर-खाली दोन स्टेनलेस पट्ट्यांनी आवळली. बोर्ड फळीवर स्क्रूने बसला, लाकडाला भोक पाडायला आईची हरकत नव्हती. अर्थिंगची हिरवी वायर जोडली, मेनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा खटका) होताच. साध्या लोखंडी पट्ट्या लावू नका, आमच्या फाटकाची बिजागरी दोन वर्षांत कुरकुरीत बिस्किटासारखी झाली होती.

दिव्याने गेला पावसाळा पूर्ण काढला. श्रावणात आईने शिडी लावायला सांगून पट्टीच्या कडेला स्वतः नख घालून बघितलं. हलली नाही. "हां," म्हणाली आणि उतरली. माळ्यावरचं मशीन सध्या शेजारच्यांकडे आहे, त्यांना जांभ्याच्या गडग्यात फाटक बसवायचंय.