सोबत वाढलेले मित्र आणि शहाणे मित्र

शाळेच्या ज्युबिलीच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा मेसेज आला तेव्हा पहिल्यांदा आठवला तो पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा तास. खरं सांगायचं तर त्या तासाला आम्ही निम्मे जण मागच्या बाकावर फुल्लीगोळा खेळायचो, पण सर गोष्ट सांगायला लागले की पेन आपोआप खाली ठेवलं जायचं.

बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकातलं 13:20 हे वचन सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, सुज्ञांची सोबत धर म्हणजे सुज्ञ होशील, मूर्खांचा सोबती मात्र गोत्यात येतो, अशा अर्थाचं. आता ढवळ्याशेजारी पवळ्या सगळ्यांनीच ऐकलेला, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग सर म्हणाले, ही वचनं इस्राएलच्या ज्या शलमोन राजाच्या नावावर आहेत ना, त्याच्याच पोराचं काय झालं ते ऐका.

पोराचं नाव रहबाम. बायबलमधलंच पुस्तक 1 राजे, अध्याय 12. बाप गेल्यावर हा शखेमला राज्याभिषेकासाठी गेला, तिथे लोक यराबाम नावाच्या पुढाऱ्याला पुढे घालून आले आणि म्हणाले, तुझ्या बापाने लादलेलं ओझं जरा हलकं कर, आम्ही तुझी चाकरी करू. हा म्हणाला तीन दिवसांनी या. बापाच्या पदरी असलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं, ते म्हणाले गोड बोल, आज तू त्यांचा सेवक हो म्हणजे ते कायम तुझे राहतील. हे काय त्याला पटलं नाही, मग त्याने आपल्यासोबत लहानाचे मोठे झालेल्यांना विचारलं. ते म्हणाले, सांग त्यांना, माझी करंगळी माझ्या बापाच्या कमरेपेक्षा जाड आहे, बापाने चाबकाने मारलं, मी विंचवांनी मारीन. आणि या शहाण्याने जवळजवळ तसंच जाऊन सांगितलं! लोक भडकले, वेठबिगारीवरच्या अधिकाऱ्याला दगडांनी ठेचून मारलं, राजेसाहेब कसेबसे रथात चढून यरुशलेमला पळाले, इस्राएलच्या बारापैकी दहा वंश गेले ते गेलेच.

तेव्हा आम्हाला विंचवांचीच मजा वाटली होती. पुढे मी ते परत वाचलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे गादीवर बसताना रहबाम 41 वर्षांचा होता, म्हणजे त्याच्यासोबत वाढलेली, बायबलने ‘तरुण’ म्हटलेली ती पोरं चांगली बाप्ये असणार. आणि दुसरं, म्हाताऱ्यांचा सल्ला त्याने आधीच टाकून दिला होता आणि मगच मित्रांकडे गेला. म्हणजे त्याला सल्ला नको होता, हवं ते बोलणारं तोंड हवं होतं, आणि ते जुन्या दोस्तांकडे हमखास मिळतं.

ज्युबिलीच्या अंकात हे लिहिणं जरा आगाऊपणाचं आहे, बाकीचे सगळे ‘शाळेतली मैत्रीच खरी’ असं लिहिणार (संपादकांनी प्लीज कापू नये). पण शाळेत आपण मित्र निवडतो कुठे, हजेरीचा नंबर आणि बाक निवडतो. निवड नंतर करायची असते, त्याच मंडळींतूनसुद्धा. आमच्या बॅचच्या ग्रुपवर ‘भावा तू बरोबर आहेस’ म्हणणारे ढीगभर आहेत, नोकरी सोड म्हटलं तरी अंगठा, धर म्हटलं तरी अंगठा.

एकाने तेव्हा सरांना अडवलं होतं, मग लोक ज्यांना पापी समजायचे त्या जकातदारांच्या पंगतीला येशू कसा बसला? सर खुश झाले, म्हणाले पंगतीला कुणासोबतही बस, पण तो तिथे सल्ला मागायला गेला नव्हता. मला हे उत्तर अजूनही पुरेसं वाटतं.

आणि सोबत म्हणजे नुसते टोकणारेच हवेत असंही नाही. शौल राजा दावीदाच्या (पुढे शलमोनाचा बाप झाला त्याच्या) जिवावर उठला होता तेव्हा शौलाचाच मुलगा योनाथान जीफच्या रानात दावीदाला जाऊन भेटला, त्याला धीर दिला आणि राजा तूच होशील म्हणाला, म्हणजे स्वतःच्या हक्काच्या गादीवर पाणी सोडून. असा माणूस बॅचमध्ये एक जरी निघाला तरी पुष्कळ झालं.

आमच्यात एक आहे. त्याला हा लेख आधी पाठवला तर म्हणाला, पहिली दोन पानं तू स्वतःचंच कौतुक केलंयस, ती काढ. काढली.