हान नदीकाठी, वारा बघून

शनिवार, रात्र. दा नांग, व्हिएतनाम. आतषबाजी बघायला.

आपल्याकडे आषाढात खानापूर-कणकुंबीला छत्री मिटत नाही, आणि त्याच दिवसांत इथे आभाळ कोरडं. कारण ओळखीचंच आहे. नैर्ऋत्येचा मोसमी वारा त्रुओंग सोन डोंगरांच्या पश्चिमेला रिता होतो आणि पूर्वेचा हा किनारा पर्जन्यछायेत राहतो. सह्याद्रीपलीकडे अथणीची जी गत, तीच. इथला खरा पाऊस सप्टेंबरपासून. २००८ साली सुरू झालेली आंतरराष्ट्रीय आतषबाजी स्पर्धा आता जून-जुलैत भरते ते बरंच आहे. पाऊस आणि शोभेची दारू यांचं कुठेच जमत नाही.

जत्रेत आभाळात फुटणारे दारूचे औट बघितलेल्या माणसाला इथला गोळा परका वाटणार नाही. जाड कागदाचं गोल कवच, मधोमध फोडणारी दारू, तिच्याभोवती दाटून बसवलेल्या रंगाच्या गोळ्या, बुडाशी उडवणाऱ्या काळ्या दारूची पुडी आणि कवचात शिरलेली, मोजून कापलेली वात. काळी दारू म्हणजे वजनाने ७५ भाग सोरा, १५ कोळसा, १० गंधक. पुडी पेटली की गोळा नळीतून सुटतो आणि त्याच ज्योतीने वात धरते. ३ इंची गोळा साधारण ९० मीटर चढतो, ६ इंची १८० मीटर. वात दमट असेल तर गोळा न फुटता तसाच खाली येतो. वातीच्या कडेने ज्योत आत शिरली तर तो नळीतच फुटतो. नदीचं मोल इथे कळतं: ठिणगी, राख, न फुटलेला गोळा, बरंचसं पाण्यात जातं.

स्पर्धा संगीतावर चालते. सुटलेला ३ इंची गोळा फुटायला तीनेक सेकंद घेतो, मोठा चार-पाच. म्हणजे ठेका पडायच्या तेवढं आधी संगणकाने ठिणगी द्यायची, आणि तीही प्रत्येक आकाराच्या गोळ्यासाठी वेगळ्या हिशोबाने. ठेक्यावर फुललेला गोळा आणि अर्धा सेकंद चुकलेला गोळा यांतला फरक कुणालाही कळतो.

रंगांत निळ्याकडे लक्ष ठेवावं. लाल स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, पिवळा सोडियमचा. हे तुलनेने सोपे. निळा तांब्याचा. तांबं आणि क्लोरीन मिळून तो रंग देतात, पण ज्योत जास्त तापली की ती जोडी तुटते आणि निळा फिकट पडतो. गर्द निळा दिसला की कारागिराचा हात पक्का समजावा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट धूर. वारा पडलेला असेल तर पाच मिनिटांतच ढग जागेवर साचतो आणि मागचे गोळे त्याच्या आड नुसते उजळतात. दमट हवेत तो आणखी दाटतो. म्हणून संध्याकाळी आधी झेंडे बघावेत, आणि वारा आपल्या पाठीकडून नदीकडे जाईल अशा काठावर उभं राहावं. धूर समोरून अंगावर येत असेल तर पुढची महाग खुर्चीही वाया जाते. तिकीट आधीच काढायचं असेल तर जरा मागची रांग बरी. १८० मीटर उंचीचा गोळा १८० मीटरवरून बघताना मान ४५ अंशांत वर करावी लागते, ४०० मीटरवरून जेमतेम २४. फार लांब मात्र जाऊ नये. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, त्यामुळे ५०० मीटरवर बार दीड सेकंद उशिरा पोचतो. कर्णे लावलेले बैठकीचे गाळे चान हुंग दाओ रस्त्यावर, पूर्व काठाला आहेत. संगीत नीट ऐकायचं तर तिथेच.

फोटो काढायचे तर तिपाई, आयएसओ १००, एफ ८ ते ११, शटर दोन ते चार सेकंद, फोकस हाताने अनंतावर. आणि पहिल्या पाच मिनिटांतच. तेवढ्या वेळात धूर कमी असतो, सोनेरी झिरमिळ्या पाण्यापर्यंत उतरलेल्या स्वच्छ दिसतात, कोळशाच्या, सावकाश विझणाऱ्या.

संपल्यावर उठायची घाई नको. सगळी गर्दी एकदम पुलांकडे वळते. अर्धा तास काठावर बसावं, धूर नदीवरून सरकताना बघावा.