मातीचा एक्सरे: जळगाव जामोद ते इंदूरच्या इंडस-2 पर्यंत

"मॅडम, मातीचा एक्सरे काढाले इंदूरले चाल्ल्या म्हंते? इथं डॉक्टर नाई भेटला काय तिले?"

ज्यांच्या वावरातून माती उचलली होती त्या काकांचा हा प्रश्न. मला हसू आलं, पण खरं तर त्यांनी अगदी नेमकं सांगितलं होतं. गेल्या महिन्यात आम्ही दोघी, मी आणि माझी विद्यार्थिनी, खारपाणपट्ट्यातली माती घेऊन इंदूरला गेलो आणि तीन दिवस एक्स-किरणांसमोर ठेवून परत आणली. तालुक्याच्या कॉलेजातून तिथे जाता येतं हेच पुष्कळांना माहीत नसतं. मलाही दोन वर्षांपूर्वी माहीत नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

आधी प्रश्न काय होता ते सांगते. पूर्णेच्या काठच्या आमच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत एकूण जस्त मोजलं तर किलोमागे पन्नास-साठ मिलिग्रॅम निघतं. माती परीक्षणाच्या कागदावर मात्र 'उपलब्ध जस्त', म्हणजे पिकाला घेता येईल ते, 0.6 पीपीएमच्या (तेही किलोमागे मिलिग्रॅमच) खाली आणि शेरा 'कमी'. म्हणजे घरात धान्य आहे, पण कोठीला कुलूप. हे कुलूप कोणतं? जस्त चुन्याशी कार्बोनेट होऊन बसलंय, लोखंडाच्या ऑक्साइडला चिकटलंय, की चिकणमातीच्या थरांत शिरलंय? आमच्या प्रयोगशाळेतलं यंत्र माती आम्लात विरघळवून मोजतं. विरघळली की जस्त कुठे बसलं होतं ते सांगायला काही उरत नाही.

इथे सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन रिंगमध्ये फिरवून त्यांच्यापासून एक्स-किरण मिळवणारं मोठं यंत्र, कामाला येतो. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात असे दोन आहेत. इंडस-1 हा देशातला पहिला, 1999 चा, 450 एमईव्हीचा (दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा), लहानसा. इंडस-2 हा 2005 पासूनचा. त्याचा घेर 172 मीटरच्या जरा वर आणि ऊर्जा 2.5 जीईव्ही, म्हणजे अडीच अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट. इलेक्ट्रॉन आधी मायक्रोट्रॉनमध्ये 20 एमईव्हीपर्यंत, मग बूस्टरमध्ये 550 पर्यंत चढवतात आणि मोठ्या रिंगमध्ये सोडून अडीच जीईव्हीपर्यंत नेतात. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने ते त्या रिंगमध्ये सेकंदाला सतरा लाखांवर फेऱ्या मारतात. चुंबकाने वळवलं की वळणावर त्यांच्यातून प्रकाश सुटतो. तो नळीने बाहेर काढून जिथे प्रयोग करतात ती बीमलाइन. इंडस-2 वर अशा पंधराहून जास्त आहेत आणि प्रत्येकीचं काम वेगळं.

आमचं काम एक्स-रे शोषणाच्या बीमलाइनवर होतं. एक्स-किरणांची ऊर्जा पायरी-पायरीने वाढवत न्यायची. 9659 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास जस्त एकदम किरण शोषायला लागतं, आलेखात उभी कड येते. ती कड नेमकी कुठे येते आणि तिच्या माथ्यावर कसे उंचवटे-खाचा आहेत, यावरून जस्ताचे शेजारी कोण ते कळतं. आपली लेक माहेरी एक बोलते, सासरी एक बोलते. माणूस तेच, पण बोलण्यावरून घर ओळखू येतं, तसं.

आता अर्जाचं. अर्ज ऑनलाइन असतो आणि तज्ज्ञांकडून तपासला जातो. भारतीय विद्यापीठ-महाविद्यालयांतल्या संशोधकांना बीमटाइमचे, म्हणजे बीमलाइन वापरायला मिळणाऱ्या वेळेचे, पैसे लागत नाहीत. निष्कर्ष छापताना आभार मानायचे. माझा पहिला अर्ज परत आला आणि तो परत यायलाच हवा होता. मी त्यात 'विदर्भातील शेतकऱ्यांच्या समस्या' यावर दीड पान लिहिलं होतं आणि जस्त किती पीपीएम आहे हेच लिहिलं नव्हतं. दुसऱ्या वेळी आधी बीमलाइनच्या शास्त्रज्ञांना ईमेल केला. "आमच्या नमुन्यात इतकं जस्त, इतकं लोखंड, तुमच्याकडे दिसेल का?" दोन दिवसांत उत्तर आलं आणि पाठोपाठ फोन. त्यांचा पहिला प्रश्न असा:

"माती चाळायला चाळणी कशाची वापरली?"

पितळी. आमच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्या चाळण्या पितळी. आणि पितळ म्हणजे तांबं आणि जस्त! ज्या मातीत जस्ताचा ठाव शोधायचा ती मी जस्ताच्याच जाळीतून घासून काढली होती. दीड महिन्याचं काम मातीत गेलं, शब्दशः. मग नायलॉनची जाळी आणली, पितळी खलबत्ता बाजूला ठेवून अकिकाचा खल कुणाकडून तरी मागून आणला आणि वावरात खुरप्याऐवजी प्लास्टिकचं फावडं नेलं. गॅल्व्हनाइज्ड बादलीत तर मातीला हातही लावू द्यायचा नाही. तिच्यावरचा मुलामाही जस्ताचाच. जस्तावर काम करणार असाल तर या ओळी दोनदा वाचा.

माती वाळवून, वाटून तिच्या 13 मिलिमीटरच्या चकत्या दाबायच्या असतात. आमच्याकडे प्रेस नाही. पण विदर्भात तालुक्याला एक तरी फार्मसी कॉलेज असतंच आणि त्यांच्याकडे आयआर (इन्फ्रारेड) तपासणीसाठी केबीआरच्या, म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइडच्या, चकत्या दाबायचं प्रेस धूळ खात पडलेलं असतं. चहा पाजला, एक दुपार मिळाली. साचा मात्र आधी नीट पुसून घ्या.

चौदा चकत्या झाल्या. न्यायच्या कशा? माझ्या सासूबाईंची आठवड्याच्या गोळ्यांची डबी आहे, सोम-मंगळ लिहिलेली, मेडिकलमध्ये मिळते ती. तशा दोन घेतल्या, खणाखणात कापूस घातला. घाटातल्या खड्ड्यांतून एकही चकती फुटली नाही. फक्त केंद्राच्या गेटवर जवानाने डबी उघडून विचारलं, "मॅडम, ये कौन सी दवाई है, सोमवार को मिट्टी खाते हो?" नमुन्यांची छापील यादी, विभागाचं पत्र आणि मंजुरीचा ईमेल हाताशी होता म्हणून पाच मिनिटांत सुटलो. तुम्हीही तिन्ही छापून न्या, मोबाइलमधलं दाखवू म्हणून विसंबू नका. हे अणुऊर्जा विभागाचं आवार आहे. ओळखपत्र, लॅपटॉपची नोंद, आत जाणाऱ्यांची नावं आधीच कळवलेली असणं, हे सगळं लागतं. ऐनवेळी 'एक मैत्रीण पण येतेय' चालत नाही.

प्रवासाचं म्हणाल तर आमच्या भागाला इंदूर वाटतं तेवढं लांब नाही. जळगाव जामोदहून सातपुड्याचा घाट ओलांडला की बऱ्हाणपूर. तिथून असीरगडाच्या पायथ्याने खांडवा, सनावद, मोरटक्क्याला नर्मदेचा पूल, बडवाह आणि मग भैरवघाट चढून इंदूर. आमचे वडील अकोल्याहून खांडव्याकडच्या मीटरगेज गाडीच्या आठवणी सांगतात. तिची ब्रॉडगेज होताना मेळघाटाला वळसा घालून मार्ग आमच्या सोनाळा-जामोदकडून आखला आहे. तो रूळ पडेपर्यंत एसटी आणि बऱ्हाणपूरहून खासगी बस. अकोला-अमरावतीकडच्यांनी रात्रीची ट्रॅव्हल्स धरावी, पण ज्या सकाळी बीमटाइम सुरू होतं त्याच सकाळी पोचायचा बेत करू नका. आमची बस सनावदच्या अलीकडे दोन तास पंक्चर होऊन उभी होती. एक दिवस आधी निघालो होतो म्हणून निभावलं.

इंदुरात रिक्षावाल्याला संस्थेचं पूर्ण नाव सांगून उपयोग नाही. 'कैट' म्हणा. जुनं नाव सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी, त्याचं कॅट, आणि रस्त्याचं नावही तेच पडलंय. 2005 ला संस्थेचं नाव बदललं, रिक्षावाल्यांचं नाही. त्याच बाजूच्या राजेंद्रनगरात मराठी घरं पुष्कळ, डब्याची सोय सहज होते. पोहे-जलेबीबद्दल मी बोलणार नाही. तर्रीशिवाय पोहे खाणं आम्हाला जरा जडच जातं.

पहिल्या दिवशी सुरक्षेची माहिती, छातीला किरणोत्सर्ग मोजायचा बिल्ला आणि मग हॉल. हॉल थंड असतो. बाहेर ऊन असलं तरी स्वेटर न्या, माझी विद्यार्थिनी दुसऱ्या रात्री माझी शाल पांघरून बसली होती. नमुना शिशाच्या भिंतींच्या खोलीत ठेवायचा, आत कुणी नाही हे फिरून बघायचं, बटण दाबायचं, दार बंद करायचं, तेव्हा कुठे शटर उघडतं. पहिल्यांदा धाकधूक होते. दहाव्यांदा आपण स्वयंपाकघराचं दार लोटावं तसं लोटतो.

आधी जस्ताच्या शुद्ध पत्र्याची कड मोजून ऊर्जेचं माप लावून घेतलं. मग पहिली चकती लावली आणि आलेखावर काहीच दिसेना. नुसती गजबज. कारण साधं होतं आणि ते मला घरीच सुचायला हवं होतं. काळ्या मातीत लोखंड शेकड्यात आणि जस्त किलोमागे मिलिग्रॅमात. किरण पडले की लोखंडही उजळतं, 6.4 केईव्हीला (हजार इलेक्ट्रॉन व्होल्टला), आणि शोधक, म्हणजे किरण मोजणारा डिटेक्टर, त्यालाच मोजत बसतो. भरल्या बाजारात एका पोराची हाक ऐकायची होती. शास्त्रज्ञ उठले आणि पोळ्या गुंडाळतो तो ॲल्युमिनियम फॉइल घेऊन आले. घडी घालून पाच पदर शोधकाच्या तोंडावर लावले. ॲल्युमिनियम लोखंडाचे कमी ऊर्जेचे किरण जास्त अडवतं, जस्ताचे 8.6 केईव्हीचे त्या मानाने कमी. जस्ताचा निम्मा सिग्नल गेला, पण लोखंडाचा गोंगाट त्याहून कितीतरी जास्त बसला. पुढच्या स्कॅनला कड उभी राहिली. बारीक, थरथरती, पण कड. माझी विद्यार्थिनी खुर्चीतून उठून स्क्रीनच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासाने काचेवर वाफ धरली.

एक स्कॅन चाळीस मिनिटांचा. इतकं विरळ जस्त असलं की एका मातीचे पाच-सहा स्कॅन घेऊन सरासरी काढावी लागते. त्यात रिंगमधला करंट हळूहळू उतरत जातो, पुन्हा भरेपर्यंत थांबायचं. हिशेब करा: चौदा चकत्या नेल्या, सहाच झाल्या. म्हणून चकत्यांवर महत्त्वाप्रमाणे एक-दोन-तीन लिहून ठेवा, रात्री दोन वाजता डोकं चालत नाही. वेळ आणखी एका गोष्टीला राखून ठेवा, ती म्हणजे संदर्भ नमुने. जस्त कार्बोनेट, फॉस्फेट, सल्फाइड, गोथाइट या लोखंडाच्या खनिजावर बसवलेलं जस्त, हे सगळं स्वतः मोजून आणलं नाही तर घरी येऊन मातीचा आलेख कशाशी ताडणार? आम्ही सात नेले होते आणि चिकणमातीत बसलेल्या जस्ताचा राहिला. आता तो कुणाकडून तरी मागावा लागणार.

जुन्या, पितळी चाळणीतल्या मातीची एक चकती मी मुद्दाम नेली होती. शेवटच्या पहाटे उरलेल्या वेळात ती लावली. कड सरकून शुद्ध धातूच्या कडेकडे झुकलेली दिसली. चाळणीचा गुन्हा कागदावर आला. शास्त्रज्ञ म्हणाले, तो आलेख फ्रेम करून प्रयोगशाळेत लावा. लावलाय.

डेटा कोणत्या रूपात आणि कसा मिळणार ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, शेवटच्या तासाला गडबड होते. विश्लेषणाला अथेना नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते जायच्या महिनाभर आधी शिका. आम्ही तिथे बसून शिकलो, त्यात अर्धी रात्र गेली.

आपल्या भागातल्या इतरांसाठी वाटा पुष्कळ आहेत. तुरीच्या दाण्यात भुंगा कुठवर गेलाय ते दाणा न फोडता बघायला इमेजिंगची बीमलाइन आहे. दाण्यात जस्त-लोखंड नेमकं कुठल्या थरात आहे त्याचा नकाशा काढायला सूक्ष्म एक्स-रे फ्लुओरेसन्सची आहे. प्रथिनांच्या स्फटिकांसाठी वेगळी. लोणारच्या बेसॉल्टवर काम करणाऱ्यांना लोखंडाची कड 7112 इलेक्ट्रॉन व्होल्टला सापडेल, पण लोणार अभयारण्य आहे, वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथला खडा उचलू नका. विद्यापीठांसाठीच असलेलं यूजीसी-डीएई (यूजीसी आणि अणुऊर्जा विभाग) कन्सॉर्टियमचं केंद्रही इंदुरातच आहे, त्यांच्या स्वतःच्या बीमलाइन आहेत. अर्जाआधी त्यांच्याशीही बोला.

खर्चाचं एवढंच सांगते की बिलं जपा. आमच्याकडे प्रवासाचा कागद पाहून विचारणा झाली, "ही कॉन्फरन्स होती का? मग प्रमाणपत्र कुठे?" बीमटाइमला प्रमाणपत्र नसतं हे समजावण्यात तीन आठवडे गेले. हजेरीचं पत्र तिथूनच मागून आणा.

परत आल्यावर काकांकडे गेले. आलेख दाखवला. त्यांच्या दोन वावरांपैकी एकात दहा वर्षं शेणखत पडतंय, दुसऱ्यात नाही, आणि दोन्ही कडांचे माथे वेगळे दिसतात. का, ते अजून सांगता येत नाही, जुळवाजुळव चालू आहे. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"हे रेघ शेणखतवाली?"

"हो."

"अन् मंग औंदा झिंक टाकू का नोको?"

परीक्षणाचा अहवाल 'कमी' म्हणतोय तर शिफारशीप्रमाणे एकरी दहा किलो झिंक सल्फेट टाका म्हटलं, फॉस्फेटच्या खतात मिसळू नका. त्यांनी मान डोलावली, कागदाची घडी करून बंडीच्या खिशात घातली आणि तिसऱ्या, नदीकाठच्या वावराची माती कधी नेता म्हणून विचारलं.